हिरव्या आकड्यात दडलेली झीज

वाचकाचे पत्र: माझ्याकडे रिअर व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणारी) स्पोर्ट्स कूपे आहे. मागचे टायर २७५ मिलिमीटर रुंदीचे असून ते बसवून १४,००० किलोमीटर झाले आहेत. बाहेरून पाहिले तर नक्षी अजून सहा मिलिमीटरच्या आसपास आहे. पण परवा पंक्चर काढण्यासाठी चाक उतरवले तेव्हा आतल्या कडेला तारा उघड्या पडलेल्या दिसल्या. दुसरे चाक काढून पाहिले तर तिथेही तेच. डाव्या टायरची अवस्था जास्त वाईट आहे. आधीच्या मालकाने स्प्रिंगा बदलून गाडी साधारण ३० मिलिमीटर खाली बसवलेली आहे. वर्षभरात दोन ठिकाणी अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची मोजणी आणि जुळणी, करून घेतली. दोन्ही अहवालांत मागचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) लाल रंगात, म्हणजे मर्यादेबाहेर, उणे २ अंश २० मिनिटे असा आहे. टो (चाकांची तोंडे किती आत-बाहेर वळली आहेत तो कोन) मात्र हिरव्या रंगात, म्हणजे मर्यादेत आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तर तो ०.४० वरून २४ वर आणला गेला. सगळे म्हणतात की दोष कॅम्बरचाच. ॲडजस्टेबल आर्म (चाक धरून ठेवणारे, लांबी बदलता येणारे दांडे) बसवून कॅम्बर शून्य करून घ्यावा का? तोवर हे टायर वापरले तर चालतील का? हल्ली जोरात ब्रेक मारल्यावर गाडीचा मागचा भाग किंचित सरकल्यासारखा वाटतो. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देतो, कारण त्याला थांबायला वेळ नाही. हे टायर आता एक किलोमीटरही वापरू नका. तारा दिसू लागल्या म्हणजे रबराचे काम संपले आहे आणि टायरचा सांगाडाच रस्त्यावर घासला जात आहे. त्या तारांना पाणी लागून गंज चढतो, त्यांची आजूबाजूच्या रबरावरची पकड सुटते आणि वेगात टायर तापला की तो कोणतीही पूर्वसूचना न देता फुटू शकतो. पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग घट्ट धरून गाडी सावरण्याची काहीतरी संधी मिळते; मागचा फुटला तर गाडी गरकन फिरते आणि तेव्हा हातात फारसे काही उरत नाही. म्हणून गाडी टायरच्या दुकानापर्यंतही चालवत नेऊ नका. चाके काढून न्या. बाहेरच्या कडेला सहा मिलिमीटर नक्षी शिल्लक आहे या गोष्टीला काहीही अर्थ नाही. झीज दाखवणाऱ्या ज्या छोट्या पट्ट्या टायरमध्ये असतात त्या मुख्य खाचांच्या तळाशी असतात. सर्वांत आतल्या खाचेच्याही पलीकडे जी कड राहते तिथे अशी पट्टी नसते, त्यामुळे टायर नेमका जिथे मरत असतो तिथे तो काहीच सांगत नाही.

आता अहवालांकडे वळू. तुम्ही पाठवलेल्या दोन्ही प्रती मी शेजारी ठेवून वाचल्या आणि त्यात एक गोष्ट अशी सापडली जी तुम्हाला कोणीतरी समोर बसवून समजावून सांगायला हवी होती. पहिल्या अहवालात मागचा एकूण टो ०.४० असा छापला आहे, तो अंशात आहे. दुसऱ्यात तोच टो ०°२४′ असा आहे, म्हणजे शून्य अंश चोवीस मिनिटे. एका अंशात साठ मिनिटे असतात, तेव्हा ०.४० अंश म्हणजे बरोबर २४ मिनिटे. चाळीसवरून चोवीसवर काहीही आलेले नाही. मागच्या चाकांना दुसऱ्या ठिकाणी कोणी हातही लावलेला नाही, फक्त एका यंत्राने दशांशात लिहिले आणि दुसऱ्याने मिनिटांत. यात तुमची चूक नाही. वर्षानुवर्षे गाड्या सांभाळणारी माणसेही या आकड्यांत फसतात. पण यापुढे कोणताही अहवाल हातात घेतलात की आधी तो कोणत्या एककात आहे ते विचारा.

कॅम्बर आणि टो हे शब्द आपण सगळे वापरतो, पण झीज समजून घ्यायची तर दोन्ही डोळ्यांसमोर नीट उभे राहायला हवेत. गाडीच्या मागे उभे राहून पाहिल्यावर चाकाचा वरचा भाग आत झुकलेला दिसला तर तो उणे कॅम्बर. टो पाहायचा तर वरून पाहायचे: चाकांची पुढची टोके एकमेकांकडे वळलेली असतील तर टो-इन, एकमेकांपासून फाकलेली असतील तर टो-आउट. कॅम्बरमुळे चाक तिरपे उभे राहते, तरीही ते गाडी ज्या दिशेला जाते त्याच दिशेला लोळत जाते. टो चुकला की चाकाचे तोंड एकीकडे असते आणि गाडी त्याला दुसरीकडे ओढत असते. टायर खाल्ला जातो तो मुख्यतः या ओढण्यामुळे.

तुमच्याच आकड्यावर हिशेब करून पाहू. एकूण टो २४ मिनिटे म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला १२ मिनिटे, अर्थात अंशाचा पाचवा भाग. ऐकायला हे नगण्य वाटते. पण इतका तिरपा असलेला टायर प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे साडेतीन मीटर आडवा फरफटला जाण्याइतका घासला जातो. १४,००० किलोमीटरमध्ये हा हिशेब ४९ किलोमीटरवर जातो. तुमच्या प्रत्येक मागच्या टायरने जवळपास पन्नास किलोमीटरचा रस्ता खडबडीत डांबरावर आडवा घासत काढला आहे, आणि तो तुमच्या अहवालात हिरव्या रंगात छापलेला आहे. अर्थात टायर लवचिक असतो, त्यामुळे यातला काही भाग रबराच्या पिळात मुरतो आणि सगळा थेट घासण्यात जात नाही. तरीही झीज कुठून येते ते कळायला हा आकडा पुरेसा आहे.

इथे तुम्ही एक रास्त शंका घ्याल. टो-इनमुळे बाहेरची कड झिजते आणि टो-आउटमुळे आतली, असे सर्वत्र सांगितले जाते. मग तुमच्या गाडीला टो-इन असताना आतली कड का गेली? तो नियम सरळ उभ्या चाकांसाठी ठीक आहे. तुमचे चाक सव्वादोन अंशांहून जास्त आत झुकलेले आहे, त्यामुळे वजनाचा मोठा वाटा आतल्या कडेवर आहे, आणि जिथे वजन तिथेच घासणे. त्यात भर म्हणजे आत झुकलेले चाक मुळातच गाडीच्या मध्याकडे रेटा देते, आणि टो-इन असलेले चाकही त्याच दिशेला रेटा देते. दोन मल्ल डोक्याला डोके भिडवून एकमेकांना रेटत असावेत तशी मागची दोन्ही चाके सरळ रस्त्यावरही सतत एकमेकांवर जोर लावत असतात. बाहेरून काही दिसत नाही, कारण दोघांचा जोर सारखा असतो आणि गाडी सरळच जाते. जमिनीला टेकलेले रबर तेवढे सोलवटत राहते. रुंद आणि बुटक्या टायरला हे जास्त बाधते, कारण त्याची भिंत ताठ असते, ती लवून वजन पसरवत नाही; शिवाय अशा गाड्यांच्या टायरचे रबर पकडीसाठी मुद्दाम मऊ ठेवलेले असते.

हे माझ्या शब्दावर मानू नका. जुने टायर उतरवल्यावर आतल्या कडेच्या जवळ जिथे थोडी नक्षी उरली असेल तिथे तळहात टेकवा आणि आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. निव्वळ कॅम्बरने झिजलेला टायर दोन्ही दिशांना गुळगुळीत लागतो. त्याचा उतार रंधा मारलेल्या फळीसारखा एकसारखा असतो. टोने झिजलेला टायर एका दिशेला मऊ लागतो आणि उलट दिशेला नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची धार बोटांना अडते, करवतीवरून हात फिरवल्यासारखी. जिथे तारा वर आल्या आहेत तिथे मात्र हात नेऊ नका, त्या कातडी फाडतात. मला खात्री आहे की तुम्हाला ती धार लागेल.

मी अलाइनमेंटच्या यंत्रावर काम करत होतो त्या काळात एकाच आठवड्यात दोन गाड्या आल्या होत्या, त्या अजून आठवतात. एक ट्रॅकवर पळणारी होती, पुढच्या चाकांना उणे तीन अंश कॅम्बर आणि टो जवळजवळ शून्य. तिचे टायर आतून थोडेसे जास्त झिजले होते, इतकेच. दुसरी घरगुती वापराची होती, कॅम्बर जेमतेम उणे एक अंश, पण खड्ड्यात आपटून टो बिघडलेला. तिच्या टायरच्या आतल्या कडेला कापड दिसत होते. तेव्हापासून आतून खाल्लेला टायर समोर आला की माझी नजर आधी टोच्या रकान्यावर जाते.

म्हणून कॅम्बर शून्य करण्याचा विचार सोडून द्या, असे मी आग्रहाने सांगतो. तुमच्या गाडीला उणे कॅम्बर हौसेखातर दिलेला नाही. वळणावर गाडी बाहेर कलते, बाहेरच्या चाकावर भार येतो आणि ते चाक रस्त्याच्या तुलनेत बाहेर झुकू लागते. आधीपासून थोडे आत झुकवून ठेवले असेल तरच त्या क्षणी टायर पूर्ण रुंदीने रस्त्याला टेकतो. कॅम्बर शून्य केलात तर वळणावर टायरची बाहेरची कड एकटीच सगळा भार घेईल, मागची पकड कमी होईल आणि रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत मागची पकड कमी होणे हे झिजलेल्या टायरपेक्षा फार मोठे दुखणे आहे. मात्र उणे २ अंश २० मिनिटे हेही रोजच्या वापराला जास्तच आहे. तो आकडा ३० मिलिमीटर खाली बसवल्याचा परिणाम आहे, कारण गाडी खाली गेली की आर्मचे कोन बदलतात, चाकाचा माथा आणखी आत जातो आणि त्याच ओघात टोही हलतो. ॲडजस्टेबल आर्म जरूर बसवा, पण त्यांच्या मदतीने कॅम्बर उणे दीड अंशाच्या आसपास आणा, दोन्ही बाजूंना सारखा. ज्याची गाडी बहुतेक वेळ सरळ महामार्गावर धावते त्याला तेवढा पुरतो. मूळ उंचीच्या स्प्रिंगा परत बसवल्यात तर आर्मची गरजही कदाचित पडणार नाही, आणि माझी गाडी असती तर मी तेच केले असते. पण हा तुमच्या आवडीचा प्रश्न आहे.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही तो सहज विचारला आहे, पण संपूर्ण पत्रात मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटला. जोरात ब्रेक मारल्यावर मागचा भाग सरकल्यासारखा वाटतो आणि डावा टायर जास्त गेला आहे, या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की संशय डाव्या बाजूच्या बुशवर जातो. मागचे चाक धरून ठेवणाऱ्या प्रत्येक आर्मच्या टोकाला रबराचा बुश असतो. त्यातला टो ठरवणाऱ्या आर्मचा बुश फाटला किंवा सैल झाला की उभ्या गाडीत टो एक असतो, ब्रेक मारताना दुसरा आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर तिसरा. अलाइनमेंटचे यंत्र गाडी उभी असतानाच मोजते, त्यामुळे त्याला यातले काही दिसत नाही. गाडी खाली बसवलेली असेल तर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो. बुश नवा टाकतानाही एक पथ्य पाळावे लागते: त्याचा बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना शेवटपर्यंत आवळायचा नाही, चाकावर नेहमीचा भार आल्यावरच आवळायचा, नाहीतर नवा बुशही पहिल्या दिवसापासून पिळला जातो.

हे तपासायला मोठी यंत्रणा लागत नाही. गाडी लिफ्टवर घेऊन एकेका आर्मच्या टोकाशी लहान पहार अडकवून हलवायची आणि दुसऱ्याने टॉर्च धरून बुशकडे पाहायचे. रबर थोडे दबून परत येत असेल तर ठीक. रबरात भेग उघडताना दिसली, धातूची नळी कडेला टेकली किंवा टक्कन आवाज आला तर तो बुश बदलायचा, आणि एका बाजूचा बदलला तर दुसऱ्या बाजूचाही बदलायचा. याच वेळी बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांना जोडणारा गोल सांधा) आणि चाकाचे बेअरिंगही हलवून पाहायला सांगा. बुशमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, असताना केलेली अलाइनमेंट म्हणजे हलत्या फळीवर काढलेली रेघ आहे. दोन वेळा पैसे देऊनही तुमच्या पदरात काही पडले नाही त्यामागे हे एक मोठे कारण असू शकते.

बुश आणि आर्म झाले, नवे टायर चढले, हवा टायर थंड असताना बरोबर भरली, की मग अलाइनमेंट. तिथे तुम्ही स्वतः उभे राहा. स्प्रिंगा बदलल्या असतील तर आधी थोडे दिवस गाडी चालवून त्या बसू द्या. चाके उचलून मोजणीची पाटी लावल्यावर गाडी खाली घेऊन पुढून मागून दाबून सस्पेन्शन मोकळे करायला हवे, आणि चाकाखालच्या सरकत्या ताटल्यांच्या खिळ्या काढलेल्या असायला हव्यात. त्या अडकलेल्या राहिल्या तर आकडे खोटे येतात. काही कंपन्या मोजणीच्या वेळी टाकी भरलेली असावी आणि सीटवर ठरावीक वजन ठेवावे असे सांगतात. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत तसे असेल तर ते टाळू देऊ नका, कारण माणसे बसली की मागचा भाग खाली जातो आणि कॅम्बर, टो दोन्ही बदलतात. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी मागचा कॅम्बर, मग मागचा टो, आणि त्यानंतरच स्टिअरिंग सरळ बांधून पुढचा टो. कॅम्बर हलवला की टो हलतो, म्हणून टो शेवटी. पुढच्या चाकांपासून सुरुवात करणारा माणूस दिसला तर नम्रपणे थांबवा.

तुमच्या अहवालात मागच्या एकूण टोची मर्यादा ६ ते २६ मिनिटे अशी छापली आहे आणि तुमची गाडी २४ वर आहे, म्हणजे हिरव्या पट्ट्याच्या अगदी टोकाला. यंत्र तिला उत्तीर्ण करते. टायर करत नाही. तंत्रज्ञाला हिरवे करून द्या असे सांगू नका, आकडा सांगा: एकूण १० ते १२ मिनिटे टो-इन, डावीकडे आणि उजवीकडे समान वाटलेला. तेवढ्याने घासणे निम्म्यावर येते. याहून पुढे जाऊन टो शून्य करण्याचा मोह आवरा, कारण मागच्या चाकांना थोडा टो-इन गाडी स्थिर राहावी म्हणूनच दिलेला असतो. ब्रेकखाली किंवा वळणावर ॲक्सिलरेटर सोडताना मागची चाके टो-आउटमध्ये गेली तर गाडीची शेपटी अनपेक्षितपणे बाहेर जाऊ शकते. याच कारणासाठी मी बुश आधी बदलायला सांगितले: प्ले असलेल्या बुशवर टो कमी केला तर ब्रेक मारताच तो शून्याच्या पलीकडे जाईल. डाव्या आणि उजव्या चाकाचा टो असमान राहिला तर गाडी किंचित तिरकी चालते आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडे धरावे लागते, तेव्हा परत निघण्यापूर्वी सपाट रस्त्यावर एक फेरी मारा. काही गाड्यांमध्ये यानंतर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सरही शून्यावर आणावा लागतो, तेही विचारून घ्या.

टायर आलटून पालटून लावण्याचा उपाय तुमच्या हाती नाही. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद आहेत, त्यामुळे पुढे-मागे होत नाही. ज्या टायरला फिरण्याची दिशा ठरलेली असते तो रिमवरून काढून विरुद्ध बाजूच्या रिमवर चढवला तर त्याची आतली कड बाहेर येते आणि झीज वाटली जाते. पण तुमचे टायर आतली आणि बाहेरची बाजू वेगळी असणारे आहेत, ते उलटवायचे नसतात.

यापुढे एक सवय लावून घ्या. नक्षीची खोली मोजणारी छोटी मापपट्टी गाडीत ठेवा आणि नवे टायर बसवल्याच्या दिवशीच प्रत्येक मागच्या टायरवर आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी मोजून आकडे लिहून ठेवा. आतल्या कडेपर्यंत पोहोचायला गाडीखाली वाकावे लागेल, ते वाका. फोन जमिनीवर सरकवून काढलेला फोटोही चालेल. पुन्हा १,००० किलोमीटरला आणि नंतर दर २,००० ला मोजा. आतली कड बाहेरच्यापेक्षा अर्धा मिलिमीटर मागे पडली तर या गाडीसाठी ते मी स्वाभाविक मानेन. ३,००० किलोमीटरमध्ये फरक एक मिलिमीटरच्या वर गेला तर अलाइनमेंटच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही अहवाल आणि तुमचे तीन ठिकाणचे आकडे मला पाठवा.